जॉन लॉ : 'जुगारी' या विशेषणाची चिकित्सा

जॉन लॉ याच्या अधःपाताचें मूळ त्याच्या द्यूतव्यसनांत शोधण्याचा प्रघात जुना आहे. तो जुगारी होता, म्हणून त्यानें फ्रान्स देशहि पणास लावला, असें हें अनुमान. तें सोपें आहे. पण आमच्या मतें कसोटीस उतरत नाहीं.

लॉ १६७१ सालीं एडिंबरो येथें एका सोनार-सावकाराच्या घरीं जन्मला. तरुणपणीं लंडनांत त्यानें जुगारांत पुष्कळ पैसा घालविला. ता. ९ एप्रिल १६९४ रोजीं त्याच्या हातून एडवर्ड विल्सन द्वंद्वयुद्धांत मारला गेला. लॉला फांशीची शिक्षा झाली. ती टळली, तरी मृताच्या आप्तांनीं पुन्हां दाद मागितल्यामुळें तो तुरुंगांतच राहिला. तेथून निसटून त्यानें यूरोपखंड गांठलें व फांशांचें गणित करून द्रव्य मिळविलें. येथवर 'जुगारी' हें विशेषण यथार्थ आहे.

पुढील इतिहास मात्र निराळा आहे. १७१५ सालीं चौदावा लुई वारला, तेव्हां फ्रान्सचा खजिना कर्जांत बुडालेला होता. राजप्रतिनिधि ऑर्लिअन्सचा ड्यूक याच्या आश्रयानें लॉनें १७१६ सालीं पेढी व १७१७ सालीं मिसिसिपी प्रदेशाच्या व्यापाराची कंपनी काढली. १७१९ सालीं कंपनीनें राजाचें कर्ज अंगावर घेतलें, आणि ५०० लिव्र दर्शनी किंमतीचा भाग वर्षअखेर १०,००० च्या घरांत गेला.

मॅके यांनीं १८४१ सालच्या आपल्या ग्रंथांत हें प्रकरण लोकांच्या वेडांच्या मालिकेंत बसविलें. परंतु सरकारी रोख्यांची फेड झाल्यावर त्या रोखेदारांस पैसा गुंतविण्यास या भागांवांचून फारसा मार्ग उरला नव्हता, ही गोष्ट वेडाच्या वर्णनांत झांकली जाते. उलट मर्फी यांचा १९९७ सालचा ग्रंथ लॉला अर्थविचारक म्हणून पाहतो. ही दृष्टि अधिक न्याय्य होय; तरी तेवढ्यानें त्याचा दोष फिटत नाहीं.

तो दोष १७२० सालच्या हुकुमांत दिसतो. जानेवारींत लॉ अर्थमंत्री झाला. फेब्रुवारींत ५०० लिव्रहून अधिक नाणें जवळ बाळगण्यास बंदी झाली. मार्चांत भागाची किंमत ९,००० ठरवून त्याबद्दल नोटा देण्याचें ठरलें. अर्थात् नोटांचा पूर आला. ता. २१ मे रोजीं भाग व नोटा यांची किंमत क्रमशः उतरविण्याचा हुकूम निघाला. तो आठवड्याभरांत रद्द झाला; पण गेलेली पत परतली नाहीं.

जुगारी स्वतःचें धन लावतो व डावाचे नियम मानतो. येथें पण परक्यांचा होता, आणि डाव चालू असतां नियम बदलण्याची सत्ता खेळणाराच्याच हातीं होती. यास द्यूत म्हणणें म्हणजे ती सत्ता देणाऱ्या दरबारास दोषमुक्त करणें होय.

डिसेंबर १७२० मध्यें लॉ दुसऱ्यांदा पळाला आणि १७२९ सालीं व्हेनिस येथें वारला. पहिल्या पलायनाचें कारण त्याच्या स्वभावांत सांपडेल. दुसऱ्याचें शोधण्यास राजाचीं कर्जखातींच उघडलीं पाहिजेत.