ड्रेस्डेनचा आकडा आणि 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'

कर्ट व्हॉनेगट यांच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) या कादंबरीचा विचार बहुधा तिच्या विस्कळीत कालरचनेच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तिच्यातील एका आकड्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्यात १,३५,००० माणसे मेली, असे ही कादंबरी सांगते.

१३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या दिवसांत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले. युद्धकैदी व्हॉनेगट कत्तलखान्याच्या तळघरात होते म्हणून वाचले. पुढे इतर तळघरांतून प्रेते उपसण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. हे त्यांनी पाहिले होते. आकडा मात्र पाहिलेला नव्हता. तो डेव्हिड अर्व्हिंग यांच्या १९६३ सालच्या पुस्तकातला. तत्कालीन पोलिसी अहवालातील अंदाज सुमारे २५,००० मृतांचा होता, हे खुद्द अर्व्हिंग यांनीच १९६६ साली लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून जाहीर केले होते. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन वर्षे. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगानेही २०१० साली मृतांची कमाल संख्या २५,००० अशीच ठरविली.

कादंबरीकार इतिहासकार नव्हे, हे उत्तर येथे पुरेसे वाटत नाही. कारण इतिहासकाराचा न्याय ही कादंबरी स्वतःच करते. इस्पितळातील प्रसंगात हवाईदलाचा इतिहास लिहिणारा रम्फोर्ड शेजारच्या खाटेवरील बिली पिलग्रिमचे बोलणे ऐकूनच घेऊ इच्छित नाही. आपण ड्रेस्डेनमध्ये होतो, एवढेच बिली सांगतो. साक्षीदाराला गप्प बसविणाऱ्या ग्रंथज्ञानावरचा हा उपहास मर्मभेदी आहे. परंतु रम्फोर्डच्या हाती असलेले पुस्तक अर्व्हिंग यांचेच आहे आणि त्यातील आकडा मात्र कादंबरी बिनतक्रार स्वीकारते. उपहास लेखकावरच उलटतो तो येथे.

वास्तविक या कादंबरीला त्या आकड्याची गरजच नव्हती. प्रत्येक मृत्यूनंतर येणारे तिचे छोटेसे पालुपद माणसाला, उवांना आणि फसफस निघून गेलेल्या शॅम्पेनलाही सारखेच लागू होते. तेथे बेरीज संभवत नाही. शहर जळून गेल्यावर ढिगाऱ्यातील एक चहाची किटली उचलली म्हणून एडगर डर्बी या वयस्क शिक्षकावर रीतसर खटला चालतो आणि त्याला गोळ्या घातल्या जातात. शहर जाळणाऱ्यांवर खटला नाही, किटली उचलणाऱ्यावर आहे. माझ्या मते कादंबरीचा सारा नैतिक भार या प्रसंगावर आहे, आणि लेखक तो दोन-तीन वाक्यांत उरकतो.

फुगविलेल्या आकड्याला स्वतःचा इतिहास आहे. अस्सल जर्मन अहवालातील २०,२०४ हा आकडा एक शून्य जोडून २,०२,०४० असा पसरविण्यात आला. युद्धोत्तर काळात नाझींच्या अपराधांशी बरोबरी साधण्यासाठी असेच आकडे जर्मनीतील अतिउजव्या गटांनी मिरविले. व्हॉनेगट यांचा हेतू अर्थातच तो नव्हता. उलटपक्षी, संख्या घटली म्हणून बॉम्बफेक क्षम्य ठरविणाराही त्याच हिशेबात अडकतो. १४ फेब्रुवारी १९४२ च्या ब्रिटिश निर्देशात शत्रूच्या नागरी लोकसंख्येचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे लक्ष्य म्हणून नमूद आहे. आक्षेप घ्यावयाचा तो या वाक्यावर. आणि ते लिहिले गेले तेव्हा ड्रेस्डेनला अद्याप तीन वर्षे अवकाश होता.