‘नदी’ आणि ‘काठ’ : एका योजनेच्या नावाची चिकित्सा

पुणे महानगरपालिकेने मुळा, मुठा आणि मुळा-मुठा ह्या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीसाठी आखलेल्या योजनेला दोन नावे आहेत. इंग्रजीत ती ‘रिव्हर रिजुव्हेनेशन’, म्हणजे नदीस पुन्हा तारुण्य देणारी. मराठीत मात्र ‘नदीकाठ सुधार’. भाषांतरात अर्थ हरवतो ही तक्रार नेहमीचीच. येथे तो सापडला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्रजी नावाचे कर्म नदी आहे, मराठी नावाचे कर्म काठ. आणि २०२२ च्या मार्चमध्ये पायाभरणी झालेल्या ह्या योजनेचा मूळ आराखडा पाहता मराठी नावच अधिक प्रामाणिक ठरते. दोन्ही तीरांवर बांध, त्यांवर पायवाटा व बागा, आणि पाणी अडवून धरणारे बंधारे हा त्या आराखड्याचा गाभा होय.

ह्या कल्पनेच्या मुळाशी ‘पात्र’ शब्दाचा एकच अर्थ घट्ट धरलेला दिसतो. पात्र म्हणजे भांडे. भांड्यास कड असते, आणि कड जितकी रेखीव तितके ते चांगले. परंतु मराठीत ‘नदीने पात्र बदलले’ असेही म्हणतात, आणि तेथे कर्ता नदी असते. डोह, खळाळ, उतार, पुळण, गाळपेर ही सारी शब्दसंपत्ती ह्या दुसऱ्या, हलत्या पात्राची आहे. ती केवळ कवींची नव्हे. प्रत्येक शब्दामागे खोली, वेग आणि तळ ह्यांचा वेगळा मेळ आहे, आणि त्या प्रत्येक मेळात वेगळे जीव राहतात.

ह्याचा पुरावा खुद्द प्राणिशास्त्राच्या परिभाषेत आढळतो. कर्नल साइक्स ह्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना येथील लोकांच्या तोंडची नावेच दिली. खुदरी, शिंगटी, मुल्या ही त्यांतील काही. रोमन लिपीत ल-ळ आणि त-ट हे भेद बुजले, तरी शब्द टिकले; आज ते जगभरच्या मत्स्यसूचींत लॅटिन वेषात वावरतात. त्यांतील खुदरी, म्हणजे महसीर, साइक्सने वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेस ह्याच मुळा-मुठेतून. त्यास वाहते, प्राणवायुयुक्त पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. मुल्या तर हनुवटीखालच्या चकतीने वेगवान पाण्यातल्या दगडास चिकटून राहतो. खळाळ बुडाला की चिकटण्याचे प्रयोजनच संपले! बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात तिलापिया सुखाने वाढेल. त्यास आक्षेप नाही, पण तो ह्या नदीचा नव्हे. उभ्या बांधामुळे काठाजवळचे उथळ पाणी नाहीसे होते. तेच माशांच्या पिलांचे आश्रयस्थान आणि तुतवारासारख्या पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण. टिटवी तर उघड्या खडीवर अंडी घालते. पाणकावळ्यास खोल पाणी चालते, तेव्हा पक्षी दिसतच राहतील. फक्त कोणते, हा प्रश्न आहे.

अहमदाबादेत साबरमतीचे पात्र २६३ मीटर इतक्या एकसारख्या रुंदीचे करून ते नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने भरण्यात आले. ह्याला सौंदर्य म्हणता येईल, पुनरुज्जीवन म्हणणे कठीण.

पुनरुज्जीवन ह्या शब्दास पात्र ठरेल असे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडात आहे. तेथील किसिमी नदी सुमारे १६६ किलोमीटर वळणे घेत वाहत असे. पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ ह्या काळात तिचा सुमारे ९० किलोमीटरांचा खोल कालवा करण्यात आला. हीही त्या काळची ‘सुधारणा’च होती. काठची दलदल आटली, हिवाळी पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि कालव्यातील पाणी प्राणवायूस मुकले. १९९२ मध्ये संमत झालेल्या कार्यक्रमानुसार सुमारे ३५ किलोमीटर कालवा पुन्हा मातीने बुजवला गेला. काम २०२१ साली पुरे झाले. जुन्या वळणांतून पाणी वाहू लागताच वाळूचे दांडे उमटले, पाण्यातील प्राणवायू वाढला, बदके व बगळे परतले. येथे सुधार म्हणजे पूर्वीचा सुधार पुसणे, आणि त्यासाठी सुमारे एक लाख एकर जमीन नदीच्या पुरास मोकळी ठेवावी लागली.

पुण्यात एवढी जमीन कोठून आणावी, हा आक्षेप रास्त आहे. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या ११ केंद्रांची वेगळी योजना नदीच्या हिताचीच आहे, हेही मान्य केले पाहिजे. किंबहुना ‘नदी सुधार’ हे तिचे नाव बरेचसे सार्थ आहे. परंतु तिच्या पुण्याईवर काठाच्या योजनेने नदीचे नाव घ्यावे, हे योग्य नाही. राम नदी आणि मुळा ह्यांचा संगम, येरवड्याजवळचा सालीम अलींच्या नावाने ओळखला जाणारा झाडोरा, अशा ठिकाणी काठ उतरता व ओबडधोबडच ठेवावा. बंधाऱ्याची जागा ठरण्यापूर्वी तेथील खळाळात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कोणते मासे सापडतात, त्याची यादी साइक्सच्या यादीशेजारी मांडून प्रसिद्ध करावी.