तारेचा ख्रिस्त आणि हस्तिदंती मुलगी

परिचित प्रतिमेला वस्तूचे शरीर देणे हा आजच्या शिल्पकलेचा एक आवडता व्यवहार आहे. चित्र डोळ्यांसमोरून सरकून जाते. वस्तू जागा अडवते, तिला वळसा घालावा लागतो. पण एवढ्याने प्रतिमेला नवा अर्थ लाभतो काय? अल्जीरियात १९७१ साली जन्मलेल्या आदेल आब्देसेमेद यांच्या दोन कृतींमुळे हा प्रश्न आम्हांला पडला. (आम्ही त्या पाहिल्या, त्याही छायाचित्रांतच!)

पहिली 'देकोर', म्हणजे सजावट (२०११-१२). ग्रुनेवाल्डच्या इसेनहाइम वेदीचित्रातील क्रुसावरचा ख्रिस्त येथे चार वेळा, धारदार पात्यांच्या तारेने गुंफला आहे. २०१२ मध्ये या मूर्ती फ्रान्समधील कोलमारच्या संग्रहालयात मूळ चित्राच्या सान्निध्यात मांडल्या गेल्या. ते चित्र सुमारे १५१२ ते १५१६ या काळात संत अँथनीच्या नावाने चालणाऱ्या एका मठासाठी रंगविले गेले. विषारी बुरशी लागलेल्या राईच्या भाकरीने अंगाची आग होणाऱ्या रोग्यांची तेथे शुश्रूषा होई. आपल्यासारखीच व्रणांनी भरलेली त्वचा त्यांना क्रुसावर दिसे. आमच्या घरच्या अल्तारावरचा ख्रिस्त मात्र किती गुळगुळीत! पुसून पुसून त्याच्या जखमाही चकाकू लागल्या आहेत. या तारेच्या मूर्तीवरून फडके फिरवणाऱ्याचा हात कापेल. शिवाय ही तार आज सरहद्दींवर माणसांना अडविण्यासाठी लावलेली असते; म्हणून ग्रुनेवाल्डचे व्रण येथे पुन्हा ओले होतात. मात्र चार मूर्ती कशासाठी? एकीपुढे आपण थांबलो असतो. चार ओळीने मांडल्या की नक्षी होते. शीर्षकात त्याची कबुली आहे की उपरोध, हे आम्हांला ठरविता आलेले नाही.

दुसरी 'क्री', म्हणजे किंकाळी. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील त्रांगबांग येथे नापामने भाजलेली, विवस्त्र धावणारी नऊ वर्षांची किम फुक जगाने छायाचित्रात पाहिली. आब्देसेमेद यांनी तिला हस्तिदंतात घडविले. हस्तिदंताशी आमचे वैर नाही. गोव्याच्या कारागिरांनी त्यात कोरलेले ख्रिस्त आम्हांला प्रिय आहेत. मृत देहाचा फिकटपणा त्या द्रव्यातच असतो. पण येथे होरपळलेल्या त्वचेच्या जागी निष्कलंक, मौल्यवान त्वचा आली. त्याहून खटकते ते वेगळेच. छायाचित्रात रस्ता आहे, रडणारी इतर मुले आहेत, मागून सावकाश चालत येणारे सैनिक आहेत, क्षितिजावर धूर आहे. शिल्पात हे सारे गळाले आणि मुलगी एकटी उरली. तिच्याभोवती आपण हवे तितके फिरू शकतो. पण ती कशापासून पळत होती, ते कोठेच दिसत नाही.