फूलस्केपवरचा युरोप

प्रवासवर्णनांवर मराठीत समीक्षा पुष्कळ झाली, पण प्रवासाच्या आराखड्याकडे एकाही टीकाकारानं ढुंकून पाहिलेलं नाही. वास्तविक कल्पनाशक्ती तिथंच जास्त लागते. सध्या माझ्यापुढे अशी एक कृती पडली आहे. लेखक आमचे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले बंधू, मुक्काम नागपूर. विषय : कोलकात्याहून एका दिवसात हुगळीकाठचा युरोप. एकूण एक फूलस्केप, पाठपोट.

बांधणी कडक आहे, हे आधी कबूल करतो. सकाळची हावडा-बँडेल लोकल. बँडेल : पोर्तुगीज, चर्च, ४० मिनिटं. चुंचुडा : डच, थडगी, ३० मिनिटं. चंदननगर : फ्रेंच, 'नदीकाठी फिरणे व चहा', दीड तास. शेवटी श्रीरामपूर : डॅनिश, 'जेवण'. भूगोल बिनचूक. चारही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. हावड्याहून श्रीरामपूर २० किलोमीटर, बँडेल ४०. फक्त स्टेशनांचे जिने आणि माझे गुडघे यांचा विचार लेखकाच्या प्रतिभेला सुचलेला नाही.

व्यक्तिचित्रणात मात्र ही कृती साफ फसली आहे. १७५५ पासून १८४५ साली इंग्रजांना विकेपर्यंत ज्यांनी श्रीरामपूर सांभाळलं, त्या डॅनिश लोकांच्या वाट्याला एकच शब्द यावा, आणि तोही 'जेवण'? मेहुण्यांना जेवणाखेरीज काही दिसत नाही, असं मी म्हणणार नाही. ही शेजारीच बसली आहे.

पण माझा खरा आक्षेप पुढंच आहे. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून १८०० साली विल्यम केरी श्रीरामपुरात डॅनिश छत्राखाली आला. मूळचा चांभारकाम करणारा हा इंग्रज. आयुष्यात कधी महाराष्ट्रात आला नाही. पण पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर असताना, १८०५ साली, यानं मराठीचं व्याकरण श्रीरामपुरात छापलं; १८१० साली कोश, आणि तो चक्क मोडीत. हाताशी वैजनाथ पंडित. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर या बंगाली कारागिरांनी त्या छापखान्यात देशी लिप्यांचे खिळे पाडले. १८१२ साली छापखान्याला आग लागून कागद, खिळे, हस्तलिखितं जळाली, तरी गडी काही महिन्यांत पुन्हा छापू लागले. आमच्या गल्लीतल्या छापखान्याला मुंजीची पत्रिका द्यायला, आग न लागता, यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. मेहुणे म्हणाले, "काय जावईबापू, व्याकरण पाहायला कोणी आगगाडीत बसते का जी? आपले नागपूरकर भोसल्यांचे बारगीर गेले होते तिकडे, १७४२ साली. हुगळी घेतली होती! बंगाली आया अजून 'बर्गी'चं नाव घेऊन पोरं झोपवतात. याला म्हणतात छाप पाडणं."

बारगीर म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यारं सरकारी असा स्वार. मेहुणे निघालेत एल.टी.सी.वर, तेव्हा त्यांचा हा अभिमान अगदीच निराधार नाही. पण लोकांची गावं लुटून पाडलेली छाप आणि खिळ्यांनी पाडलेली छाप यांत काही फरक असावा, असं माझं नम्र मत होतं. ते गिळून मी शेवटचं हत्यार काढलं. "दादा, त्याच राघोजी भोसल्यांची वंशावळ मराठीत छापली गेली. १८१५ च्या सुमाराला. कुठं, सांगा?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग पेन्सिल शोधल्याचा आवाज.

हिनं तेवढ्यात तोडगा काढला : श्रीरामपुरात १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न २०१८ साली डागडुजी होऊन खाण्यापिण्यासाठी पुन्हा उघडली, जेवण तिथंच घ्यावं, म्हणजे डॅनिश लोकांनाही न्याय. मग कॉलेज. १८१८ सालचं, नदीकाठीच. केरीची थडग्यातली विश्रांती मोडायला मी एकटा गेलो तरी चालेल.

कालच सुधारित आवृत्ती हाती आली. चंदननगरच्या चहाला कात्री लागली आहे. तळाशी, ठळक अक्षरांत :

'श्रीरामपूर : जेवण. भोसले वंशावळ (अर्धा तास). व्याकरण (वेळ उरल्यास).'