पानिपत पुरे, विजयदुर्गाकडे वळा

मराठीत इतिहासाचे जर-तर बहुधा १४ जानेवारी १७६१ या पानिपतच्या लढाईच्या दिवशीच सुरू होते. विश्वासरावांना गोळी लागली नसती, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते, मल्हारराव मैदान सोडून गेले नसते, तर इंग्रजांना हिंदुस्थान मिळाला नसता, अशी त्याची ठरलेली चाल. अलीकडे रंगवल्या जाणाऱ्या काल्पनिक नकाशांत तर अटकेपार गेलेला भगवा आणखी कुठवर न्यायचा, एवढाच प्रश्न उरला आहे. त्या नकाशांत समुद्र केवळ निळा रंग म्हणून येतो. सावकार आणि पगार थकलेला शिपाई येतच नाहीत. इंग्रज मात्र समुद्रावरून आले, सावकारांच्या आधाराने टिकले आणि वेळेवर पगार मिळणाऱ्या हिंदी शिपायांच्या जोरावर जिंकले.

पाश्चात्त्य वाङ्मयात या प्रकाराची परंपरा जुनी आहे. लुई जोफ्रवा यांनी १८३६ मध्येच नेपोलियनला जगज्जेता केले. हिटलर जिंकला असता तर काय, या प्रश्नावरच्या कादंबऱ्यांची गणती नको. एस. एम. स्टर्लिंग यांची ‘द पेशावर लान्सर्स’ (२००२) ब्रिटिश साम्राज्याचे केंद्रच उचलून हिंदुस्थानात आणते. तिच्यात साम्राज्य टिकावे ही ओढ एवढी की, ते का वाढले हा प्रश्न बाजूलाच राहतो.

जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठीत या प्रकाराचा मानदंड आहे. इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. नारळीकर मात्र विजयाच्या तुताऱ्यांपाशी थांबत नाहीत. त्यांच्या पेशव्यांनी पाश्चात्त्य विद्या आपल्या अटींवर घेतली, स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारली. इंग्रजांकडे मुंबई राहिली ती भाडेपट्ट्याने. कथेचे खरे बळ या भाडेपट्ट्यात आहे. साम्राज्य करारमदारांतून वाढते आणि करारमदारांनीच त्याला आवर घालता येतो, हे त्या एका तपशिलातून कळते. पुढच्यांनी गोळी तेवढी उचलली आणि भाडेपट्टा सोडून दिला.

तो धागा पुढे नेणारे काम इतिहासलेखनात झाले आहे. रँडॉल्फ कूपर यांनी इंग्रज-मराठा युद्धांवरच्या ग्रंथात (२००३) शिंद्यांचा तोफखाना इंग्रजांच्या तोडीचा होता, हे साधार मांडले. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या लहानशा फौजेतील दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. तरीही शिंदे हरले, कारण त्यांच्या कंपूंतले (कवायती पलटणींतले) गोरे अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीने आमिष दाखवून फोडले, त्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ त्याच महिन्यात इंग्रजांना शरण गेला आणि यशवंतराव होळकर बाजूला राहिले. असईची पर्यायी कथा लिहायची तर ती कैलना नदीच्या उतारापाशी सुरू होणार नाही; ती पगारपत्रकापाशी आणि शिंदे-होळकर वैरापाशी सुरू होईल.

नायल फर्ग्युसन यांनी ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ (१९९७) या संपादित ग्रंथात एक कसोटी सांगितली आहे: तत्कालीन माणसांनी ज्या पर्यायांचा विचार केल्याचा लेखी पुरावा आहे, तेवढेच विचारात घ्यावेत. गोळीचा नेम चुकणे या कसोटीला उतरत नाही. आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे असलेला कोकणातला विजयदुर्ग उतरतो. अठराव्या शतकाच्या आरंभीच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले होते आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपीयांना, किनाऱ्यावर किल्ल्यांसाठी जागा देऊ नये, असे बजावले होते.

तरीही १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा आरमारप्रमुख वॉटसन आणि सेनानी क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. खाडीत एका जहाजाने पेट घेतला, आग पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला परत मिळवण्यासाठी पेशव्यांना बाणकोट द्यावे लागले. तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह वर्ष संपता संपता हुगळीत शिरले. २३ जून १७५७ ला प्लासी झाली, १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली, आणि पुढे मराठ्यांवर चालून आलेल्या फौजांमागे बंगालच्या वसुलाचे बळ उभे राहिले. पानिपत या साखळीच्या मध्ये कुठेतरी येते. तिची पहिली कडी कोकणात आहे.

तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते भर समुद्रात इंग्रजी युद्धनौकांना पुरी पडली नसती, हेही खरे. पण किनारा आपल्या हाती ठेवायला तेवढे आरमार पुरेसे होते. तुळाजींचे वडील कान्होजी आंग्र्यांनी ते १७२९ पर्यंत, आपल्या हयातभर, करून दाखवले होते. शिवाय मुंबईला आपल्याच किनाऱ्याची धास्ती राहिली असती, तर बंगालकडे जहाजे आणि माणसे पाठवणे तिला महागात पडले असते. हे आक्षेप कथेच्या आड येत नाहीत, उलट तिला नाट्य पुरवतात: मराठ्यांचे आरमार जाळायला मराठ्यांचाच पेशवा परक्यांना बोलावतो. पानिपताच्या जर-तरमध्ये दोष नशिबाचा असतो, म्हणून ते लिहायला सोपे जाते. इथे दोष निर्णयाचा आहे, आणि तो निर्णय पुण्यात झाला होता. तिकडे पाठ फिरवून लिहिलेला पर्यायी इतिहास वाचकाला दिलासा देतो, पण राज्य कसे जाते याची समज देत नाही.

मराठीत या विषयावर कादंबरी लिहायची असेल, तर तिचे पहिले प्रकरण १७५५ च्या पुणे दरबारात घडायला हवे. तुळाजींशी तडजोड करायची की मुंबईकरांची जहाजे मागवायची, हे तिथे अजून ठरायचे आहे.