‘सां सूसी’ ते मसिना रुग्णालय : व्यापाऱ्याच्या निवासस्थानाचे जतन आणि वारसादृष्टीच्या मर्यादा

भायखळ्याचे मसिना रुग्णालय ज्या वास्तूत आहे ती मूळची डेव्हिड ससून (१७९२-१८६४) या बगदादी ज्यू व्यापाऱ्याची ‘सां सूसी’ नावाची कोठी होय. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘निश्चिंत’. पॉट्सडॅम येथील प्रशियाच्या राजवाड्याचेही नाव हेच. बगदादच्या सुभेदाराच्या जाचामुळे परागंदा झालेल्या माणसाच्या घराला हे नाव असावे, यातील विसंगती लक्षणीय आहे.

ससून १८३०च्या दशकाच्या प्रारंभी बुशायरमार्गे मुंबईत आले. त्या काळी भायखळा हे धनिकांचे उपनगर होते. १८३३ साली तेथे भायखळा क्लब स्थापन झाला होता आणि घोड्यांच्या शर्यतीही तेथेच होत. पुढे रेल्वे आली, कापडगिरण्या आल्या, धनिक मलबार टेकडीकडे वळले व ससून कुटुंबातील अनेक जण इंग्लंडला स्थायिक झाले. या स्थित्यंतरात भायखळ्यातील अनेक बंगले नामशेष झाले. ‘सां सूसी’ टिकली, कारण तिला नवे काम मिळाले. डॉ. मसिना यांनी १९०२ मध्ये स्थापन केलेले रुग्णालय या वास्तूत नांदू लागले. कायद्याचे संरक्षण फार नंतरचे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ची आहे.

या नियमावलीचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि तिच्या श्रेणीपद्धतीत सर्वोच्च श्रेणी वगळता अंतर्गत बदलांना कमीअधिक वाव आहे. कटाक्ष प्रामुख्याने दर्शनी भागावर असतो. निवासस्थानाच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी ठरते. व्यापाऱ्याचे घर म्हणजे केवळ कमानी व जिना नव्हे. पाहुण्यांचा दिवाणखाना कोठे संपतो आणि कुटुंबाचा भाग कोठे सुरू होतो, नोकरवर्ग कोणत्या वाटेने ये-जा करतो, यावरून त्या घराचा समाज वाचता येतो. वॉर्डांच्या गरजेपुढे या सीमारेषा पुसल्या जाणे स्वाभाविक आहे. रुग्णाच्या सोयीपेक्षा भिंत श्रेष्ठ, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बदलापूर्वी प्रत्येक दालनाचे मोजमाप व आलेखन सक्तीचे करण्यास कोणती अडचण आहे?

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. वारसालेखनात ससून बहुधा दानशूर म्हणूनच अवतरतात. त्यांचे दातृत्व खरेच होते. मात्र या वैभवामागे कापसाइतकाच माळव्याच्या अफूचा चीनशी चाललेला व्यापार होता. नानकिंगच्या तहानंतर (१८४२) दोनच वर्षांत पुत्र एलियास चीनला रवाना झाला, तो याच व्यापाराच्या विस्तारासाठी. हा भाग ओझरत्या उल्लेखात गुंडाळल्यास वास्तूचा इतिहास देणगीदाराच्या प्रशस्तीपुरता उरतो. अफूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या घरात आज रोग्यांवर उपचार होतात, ही वस्तुस्थिती कोणत्याही वास्तुशैलीच्या वर्णनाहून अधिक बोलकी आहे.

पुण्यात रुग्णालय म्हणजे ‘ससून’ हे समीकरण आजही रूढ आहे. भायखळ्यात, जेथे ते प्रत्यक्ष राहिले तेथे, पाटीवर नाव मसिना यांचे आहे.