'कृष्णाकाठ' : काठ सुटल्यानंतरचा प्रश्न

यशवंतराव चव्हाण यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर रोजी, त्यांचे दिल्लीत निधन झाले. मुंबईच्या कालखंडाचा एक आणि दिल्लीच्या कालखंडाचा एक असे आणखी दोन भाग लिहावयाचा त्यांचा मानस होता. ते लिहून झाले नाहीत. या अपूर्णतेबद्दल हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली आहे. तथापि या ग्रंथाचे जे सर्वमान्य यश मानले जाते, म्हणजे गावाशी आणि मातीशी असलेली त्यातील जवळीक, तिचा या अपूर्णतेशी काय संबंध आहे, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न साधा आहे. खेड्यातून निवडून गेलेला माणूस राजधानीत राहू लागला म्हणजे गावाचा त्याच्याशी आणि त्याचा गावाशी संबंध कसा राहतो? 'कृष्णाकाठ' या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत आपल्याला आणून सोडते. १९४६ साली यशवंतराव सातारा जिल्ह्यातून मुंबई कायदेमंडळावर निवडून आले, त्यांना पार्लमेंटरी सेक्रेटरीचे पद देऊ करण्यात आले, आणि मुंबईच्या वाटेवरच पुस्तक संपते. नाते कसे जडले, हे सारे आपण वाचतो. नाते कसे टिकले, हे वाचावयास मिळत नाही.

जे वाचावयास मिळते ते मात्र उत्तम आहे, यात शंका नको. आजोळच्या देवराष्ट्र्यात १२ मार्च १९१३ रोजी झालेला जन्म, बाळंतपणात आईच्या जीवावर बेतले असता आजीने सागरोबाला घातलेले साकडे आणि त्या यशातून पडलेले नाव, हा भाग वाचताना लेखक आपल्या थोरवीची शकुनचिन्हे गोळा करीत आहे, असे क्षणभरही वाटत नाही. घरातील आजीने नातवंडाला सांगावी तशी ती हकीकत येते आणि जाते. वडील लहानपणीच प्लेगमध्ये गेले, आई विठाईने कऱ्हाडला संसार ओढला, थोरल्या भावाने नोकरी करून घर सावरले. हे सांगताना लेखकाचा स्वर कोठेही ओलसर होत नाही. १९३२ सालच्या तुरुंगवासातील प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. माफी मागितल्यास मुलगा सुटेल, असे सुचविणाऱ्या शिक्षकांना त्या निरक्षर माउलीने जे सुनावले ते लेखकाने दोन-चार ओळींत सांगितले आहे. दुसऱ्या एखाद्याने त्यावर प्रकरण लिहिले असते.

ग्रंथाचे 'जडण-घडण', 'वैचारिक आंदोलन' आणि 'निवड' असे तीन विभाग आहेत. आम्ही ते पुन्हा एकदा ओळीने वाचले तेव्हा एक गोष्ट जाणवली. पहिल्या विभागातील माणसांना चेहरे आहेत; ती नात्याने, सवयीने, बोलण्याच्या ढबीने ओळखू येतात. पुढे पुढे माणसे वाढतात, पण ती कार्यकर्ते, सहकारी, विरोधक म्हणून येतात. सोनहिरा ओढ्याच्या काठावरील मंडळींना 'निवड'मध्ये फारशी जागा उरत नाही. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. राजकारणाच्या हकीकतीचा तो स्वभावच आहे. पण गाव सुटण्याची क्रिया मुंबईच्या गाडीत बसल्यावर सुरू होत नाही, ती त्याआधीच सुरू झालेली असते, हे या ग्रंथाच्या मांडणीतूनच दिसते. लेखकाला ते किती जाणवले होते, सांगता येत नाही.

'ऋणानुबंध' या १९७५ सालच्या लेखसंग्रहात यशवंतराव पुन्हा गावाकडे वळतात. तेथील गद्य अधिक मृदू आहे, आणि आमच्या मते म्हणूनच अधिक धोक्याचे. दिल्लीत बसलेल्या मंत्र्याला ओढा, डोंगर, माळ आठवतो, ही आठवण खरी असते, ती सुंदर शब्दांत येते, वाचक गहिवरतो. पण आठवण आणि संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवणीत गाव काही मागत नाही. संबंधात ते रस्ता मागते, पाणी मागते, पोलीस पाटलाविरुद्ध तक्रार घेऊन येते आणि काम झाले नाही तर तोंड फिरवते. पाच-सात वर्षांनी बदलीचा कागद हातात घेऊन नव्या धर्मग्रामाकडे निघणाऱ्या आमच्यासारख्यांना हा भेद चांगला कळतो. मागे राहिलेल्या माणसांची आठवण काढणे फार सोपे असते. त्यांच्या पत्रांना उत्तर लिहिणे तितकेसे सोपे नसते.

तोंड फिरविण्याचा अनुभव यशवंतरावांनाही आला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर हा सारा मुलूख काँग्रेसवर रुष्ट होता. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले, आणि त्याच निवडणुकीत साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले. पुढे १९६२ साली ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. साताऱ्यातून लोकसभेवर ते आले १९६७ साली. ज्या दुसऱ्या भागात १९५७ ची हकीकत यावयाची होती, तो जर लिहिला गेला असता तर मराठीला लोकप्रतिनिधीच्या एकाकीपणाचे पहिले प्रामाणिक चित्र मिळाले असते, असे आम्हाला राहून राहून वाटते. आपल्या माणसांची बाजू घ्यावी की आपल्या पक्षाची, हा पेच त्यांच्याइतक्या उघड्यावर फार थोड्यांनी भोगला आहे.

पलूस तालुक्यातील वाचकाला या ग्रंथाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आणखी दोन उदाहरणे घराजवळच सापडतील. एक कुंडलचे. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र होते आणि जी. डी. बापू लाड येथलेच. भूमिगत पुढाऱ्याचा गावाशी संबंध कसा असतो? तो भाकरीचा असतो. रात्री कोणत्या घराचे दार उघडेल, कोण तोंड बंद ठेवील, यावर त्याचा जीव टांगलेला असतो. त्याला गाव रोज लागते. आमदाराला ते पाच वर्षांनी एकदा लागते. नाना पाटील पुढे खासदार झाले तरी त्यांच्या बोलण्यात खेडूत जी आपली भाषा ओळखत असे, तिचे मूळ या रोजच्या गरजेत होते.

दुसरे उदाहरण त्याच कुंडलचे, पण आज जवळजवळ विसरलेले. कुंडल हे औंध संस्थानात मोडत असे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळाची जमीन दिली तीही औंधकरांनीच. या संस्थानाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिची रचना अशी होती, की गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुका समिती उभी राहावी आणि तालुका समितीतून विधानसभेत माणसे जावीत. म्हणजे वर बसणारा प्रतिनिधी हा प्रथम गावच्या पंचायतीचा माणूस असे. संबंध टिकविण्याचे काम त्याच्या सद्भावनेवर सोडलेले नव्हते, ते रचनेतच बांधलेले होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग संपला. 'कृष्णाकाठ'च्या नायकाने जी वाट धरली ती दुसरी, पक्षाची आणि मोठ्या मतदारसंघाची. त्या वाटेवर संबंध राखणे हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग होऊन बसला.

ही वाट पुढे कशी गेली ते अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांत दिसते. तेथे कथानकाचा केंद्रबिंदू राजधानी आहे. गाव असलेच तर दूरवरच्या कुजबुजीसारखे. 'सिंहासन' चित्रपट १९७९ साली आला तेव्हा तो पाहून खेड्यातला प्रेक्षक खूश झाला, कारण त्याला पुढाऱ्यांची लबाडी पडद्यावर दिसली. पण त्या लबाडीत आपलाही वाटा आहे, आमदार निवासातील खोलीत टाटा रुग्णालयाच्या रांगेसाठी मुक्कामाला येणारा, शिफारसपत्रासाठी सकाळी सातला दार ठोठावणारा माणूस आपणच आहोत, हे त्याला कोणी दाखविले नाही. आमच्या मते ती खोली ही मराठी कादंबरीची न लिहिली गेलेली जागा आहे. कोयना किंवा महालक्ष्मीने किर्लोस्करवाडीच्या स्टेशनात उतरणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी त्या खोल्यांच्या फरशीवर रात्री काढल्या असतील.

देवराष्ट्रे आज पलूस-कडेगाव मतदारसंघात आहे. पूर्वीच्या भिलवडी-वांगी मतदारसंघाने पतंगराव कदमांना निवडून दिले, १९९५ साली त्यांना बाजूस सारून अपक्ष संपतराव देशमुखांना निवडले आणि १९९९ साली पुन्हा कदमांना बोलाविले. कदमांनी संबंध राखला तो संस्थांतून : शाळा, महाविद्यालये, कारखाना. यशवंतरावांच्या लेखनातला सोनहिरा हा ओढा आहे. वांगीचा सोनहिरा हा साखर कारखाना आहे. या दोन सोनहिऱ्यांमधले अंतर मोजणारा समीक्षक अजून पुढे यावयाचा आहे. कारखान्याने ऊस नेला, बिल दिले, नोकरी दिली. ओढ्याने फक्त आठवण दिली. तेव्हा कारखाना श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल. आम्ही इतकेच म्हणू, की ज्याच्या हाती ऊसतोडीची पाळी आहे त्याच्याविरुद्ध तोंड फिरविणे गावाला कठीण जाते; आणि तोंड फिरविण्याची सोय नसलेल्या नात्याला संबंध म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

मार्च २०१८ मध्ये पतंगराव वारले. त्या जागेची पोटनिवडणूक बिनविरोध झाली आणि चिरंजीव विश्वजीत कदम आमदार झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकलखोप पाण्यात गेले. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत विश्वजीत कदम फार मोठ्या फरकाने विजयी झाले, आणि दुसऱ्या क्रमांकाची, वीस हजारांहून अधिक मते पडली ती 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला. पत्रपंडितांनी त्याचे अर्थ राजकीय जागावाटपात शोधले आणि ते बरोबरही असेल. 'कृष्णाकाठ'च्या वाचकाला मात्र त्या आकड्यात १९५७ चे कऱ्हाड आठवावे. तेव्हा रुसलेल्या मतदाराला दुसरे एक नाव मिळाले होते. या वेळी त्याला नाव मिळाले नाही. यशवंतरावांच्या न लिहिलेल्या दुसऱ्या भागातील पहिले प्रकरण कदाचित अशाच एखाद्या मतपेटीपासून सुरू झाले असते.